दारूबंदीची चळवळ आणि दारू सोडू पाहणारा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दारूच्या प्रश्नावर चळवळीत पुष्कळ विचार झालेला आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, वर्धा जिल्ह्यात व १९९३ मध्ये गडचिरोलीत आलेली बंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली आणि २०२१ मध्ये उठलेली बंदी, गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने आडवी केलेली बाटली हा सारा इतिहास कार्यकर्त्यांना पाठ आहे. दारूच्या महसुलावर पोसले जाणारे सरकार आणि गुत्तेदार यांच्यावर बोट ठेवणे योग्यच होय. परंतु गुत्त्याला कुलूप लागले, तरी सकाळी उठल्याबरोबर ज्याचे हात थरथरतात त्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न सभांतून क्वचितच विचारला जातो. तो माणूस कित्येकदा युनियनचाच सभासद असतो. त्याच्या वाट्याला येतो तो उपदेश, नाही तर उपहास.

या प्रश्नाचे एक उत्तर दारुड्यांनीच शोधून काढले. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा दलाल धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात उतरला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. पुन्हा पिण्याची ओढ लागताच त्याने दुसऱ्या एखाद्या दारुड्याचा शोध सुरू केला आणि डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. त्याला कळून चुकले होते, की दुसऱ्याला सावरू पाहणारा स्वतःही सावरतो. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना या भेटीतून उभी राहिली. मुंबईत तिचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. आज महाराष्ट्रात शाळांच्या वर्गांतून, चर्चच्या खोल्यांतून तिच्या मराठी, हिंदी व इंग्रजी मीटिंगा भरतात.

या मीटिंगची रचना समाजवाद्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. दारू थांबविण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. तेथे तज्ज्ञ नसतो, पुढारी नसतो. अध्यक्षपद आळीपाळीने फिरते. एक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. गिरणीचा फिटर आणि बँकेचा अधिकारी एकाच बाकावर बसतात. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाही. केवळ आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरते. पाय घसरून परत आलेल्यालाही दार उघडेच असते.

तेथे जायचे कसे? संघटनेच्या दूरध्वनीवरून जवळची जागा व वेळ कळते. खुल्या मीटिंगला कोणीही जाऊ शकतो, बंद मीटिंग केवळ दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नाही. मागच्या बाकावर बसून ऐकले तरी पुरे. बायकोमुलांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे गट निराळे आहेत. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावे. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत उपचार होतात, पण घरी परतल्यावरची संध्याकाळ निभावून नेण्यासाठी गट लागतोच.

एक आक्षेप पुरोगामी मंडळींकडून नेहमी येतो. संघटनेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, मग बुद्धिवाद्याने तेथे का जावे? उल्लेख आहे, हे खरे. परंतु ज्याला जसा उमगेल तसा ईश्वर, अशी मुभाही त्याच वाक्यात आहे, आणि अनेक नास्तिक गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधनसंस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. या मार्गाकडे नेणारी पद्धतशीर मदत दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस ठरली. सर्वांनाच हा मार्ग मानवतो असे नव्हे. परंतु न पाहताच नाकारणे हा बुद्धिवाद नव्हे.

मग कार्यकर्त्याने करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे व्याख्यान देऊ नये. सोबत्याला मीटिंगच्या दारापर्यंत पोचवावे, खुल्या मीटिंगला त्याच्या शेजारी मुकाट बसावे आणि तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे. दुसरी गोष्ट जागेची. युनियनची कचेरी संध्याकाळी रिकामी असेल तर गटाला देऊ करावी. बाहेरची देणगी न घेण्याचा त्यांचा दंडक असल्याने ते भाडे देतील. ते थोडे का होईना, घ्यावे. कोणत्याही पक्षाशी ते नाते जोडीत नाहीत, तेव्हा त्या खोलीवर झेंड्याने हक्क सांगू नये. तिसरी गोष्ट वेळेची. रात्रपाळीच्या कामगाराला सकाळची मीटिंग मिळावी म्हणून खटपट करावी, आणि उपचारासाठी रजा मागणाऱ्याची नोकरी जाऊ नये, ही मागणी कराराच्या मसुद्यात घालावी.

गुत्त्याविरुद्धचा मोर्चा चालूच राहिला पाहिजे. मात्र त्या मोर्चाच्या कडेला मान खाली घालून उभा असलेला माणूस शत्रुपक्षाचा नव्हे. दारूच्या धंद्याने सर्वाधिक लुटले आहे ते त्यालाच. त्याला आपला मानल्याखेरीज दारूबंदीची लढाई पुरी होणार नाही.