गर्भनिरोधक गोळी आणि स्त्रीचें रक्त

दुखणें आलें म्हणजे औषध घ्यावें आणि बरें वाटलें कीं तें सोडावें, ही लोकांची सामान्य रीत. गर्भनिरोधक गोळीची गोष्ट निराळी आहे. ती निरोगी स्त्री घेते आणि वर्षानुवर्षें घेते. म्हणून ती शरीरांत काय करते, हें त्या स्त्रीस कळलें पाहिजे.

मेंदूच्या तळाशीं पिच्युटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि आहे. तिच्या संप्रेरकांच्या आज्ञेनें बीजकोशांत दरमहा बीज पक्व होऊन सुटतें. नेहमीच्या गोळींत एस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन अशीं दोन द्रव्यें असतात. कोठी भरलेली पाहून धनी बाजारास जात नाहीं, तशी हीं द्रव्यें रक्तांत आढळतांच ती ग्रंथि स्वस्थ बसते. मग बीज सुटत नाहीं.

परंतु तींच द्रव्यें यकृतावरही परिणाम करतात. एस्ट्रोजेनमुळें रक्तांतील ट्रायग्लिसराइड हा मेद वाढतो, हितकर कोलेस्टेरॉल वाढतें व अहितकर घटतें. लेव्होनॉर्जेस्ट्रेलसारखें प्रोजेस्टिन कोलेस्टेरॉलास नेमकें उलट दिशेस ओढतें. याखेरीज एस्ट्रोजेन रक्त गोठविणारीं द्रव्यें वाढवितें, आणि खरा धोका तेथें आहे. शिरेंत गुठळी होऊन ती फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें.

१९५६ सालीं प्वेर्तो रिको बेटावर या गोळीची पाहणी झाली. गोळी गुणकारी आहे, पण तिचे उपद्रव फार, असें तेथील डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनीं कळविलें. त्याकडे दुर्लक्ष झालें. १९६० सालीं अमेरिकेंत गर्भनिरोधक म्हणून संमत झालेल्या एनोव्हिडमध्यें एस्ट्रोजेनवर्गीय द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होतें. गुठळ्यांचीं उदाहरणें पुढें आल्यावर १९६९ सालीं ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक मात्रा टाळण्याचा सल्ला दिला. भारतांतील माला-डी गोळींत तें ३० मायक्रोग्रॅम असतें.

मात्रा उतरली तसा धोकाही उतरला. तथापि तो सर्वस्वीं गेला नाहीं. बहुतेक निरोगी तरुण स्त्रियांत मेदाचा फरक अल्प असतो. परंतु पस्तिशी उलटलेली व धूम्रपान करणारी, रक्तदाब वाढलेली, किंवा पूर्वीं गुठळी झालेली स्त्री असेल, तर तिनें ही एस्ट्रोजेनयुक्त गोळी घेऊं नये. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलें असल्यास डॉक्टरांस अगोदर सांगावें. गोळी घेतांना पोटरी सुजून दुखूं लागली, छातींत कळ आली वा धाप लागली, तर संकोच न करतां तत्काळ दवाखाना गाठावा. प्वेर्तो रिकोंतील स्त्रियांची तक्रार कानाआड झाली. घरांतील स्त्रीची तशी होऊं नये.