अंगठा कुणाचा, पैसा कुणाचा?

(खांडबारा येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला बाजाराबद्दल बोलायचे आहे. बाजारहाट म्हणजे बायकांचे काम, त्यात भाषण कसले, असे पुरुष म्हणतील. पण घरातला पैसा बाईच्या हातून फिरतो तो तिथेच. म्हणून बाजारात नवे यंत्र आले की आपण विचारायला हवे : यामुळे बाईच्या हातात काय आले आणि काय गेले?

आपल्या आज्या पायली-शेराने मोजत. चार शेरांची पायली हे त्यांना पाठ. पण माप भरणारा हात व्यापाऱ्याचा! मोहफुले घेताना शिगोशीग, मीठ देताना कमी. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आणले, १९५७ मध्ये आण्यांच्या जागी नवे पैसे आले. आता ताजव्याच्या जागी विजेचा काटा आहे. आकडा दोघांनाही दिसतो, पण उपयोग आकडे वाचता येणाऱ्या बाईलाच. काटा शून्यावर आहे का, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, हे पाहणे आपला हक्क आहे.

आता रेशनचे पाहा. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिले गेले. आज रेशन दुकानात अंगठ्याचे मशीन आहे. त्याचा फायदा आहेच. पावती निघते, दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणे अवघड झाले. पण निंदणी-कापणी करून, भांडी घासून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे काय? अंगठा जुळत नाही, कधी नेटवर्क नसते. दुसरा हेलपाटा म्हणजे आणखी एक मजुरी बुडाली.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली वयाने मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख आहे. अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य हा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच दिली आहे. तेव्हा 'मशीन घेत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरायचे नाही. मशीनमागे माणूस असतो, खाते असते, नियम असतो.

तिसरी गोष्ट मोबाइलची. २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. आज भाजीच्या पाटीशेजारीही क्यूआर कोड दिसतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हे खरे. पण खाते कुणाचे? पहाटे उठून भाजी आणते बाई, दिवसभर उन्हात बसते बाई, आणि पैसा जमा होतो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर. पूर्वी पदराच्या गाठीत चार पैसे राहत, त्यातून लेकीची वही यायची, औषध यायचे. ती गाठ आता उरली नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपयेही बाईच्या खात्यात येतात, पण मेसेज आणि ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघराचा प्रश्न राजकारणाचा आहे, हे त्यांनी दाखवले. आज तोच प्रश्न मशीन आणि मोबाइलच्या रूपात समोर आला आहे.

म्हणून तीन गोष्टी ठरवू या. प्रत्येक गटात आकडे आणि पावती वाचायला शिकवायचे. धान्य नाकारले तर एकटीने नाही, गटाने तहसील कार्यालयात लेखी तक्रार करायची. आणि पाटी जिची, खाते तिचे, फोन तिचा, पिनही तिलाच ठाऊक!

यंत्राला आपला विरोध नाही. ते चालवणारा हात आपलाही असावा, एवढेच आपले म्हणणे आहे.