टीव्ही बदलण्याआधी वायर बघा

बदलापूरच्या माझ्या मावसभावाने पीएस-५ घेतला. टीव्ही ४के, तरी चित्र धुरकट. तो थेट नवा टीव्ही हप्त्यावर घ्यायला निघाला. म्हटलं, थांब जरा.

आधी वायर पाहिली. त्याने जुन्या सेट-टॉप बॉक्सची लावलेली. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट. सेकंदाला ६० वेळा एवढा डेटा प्रत्येक जुन्या वायरीला झेपतोच असं नाही. त्यासाठी उल्हासनगरच्या बाजारात जायची गरज नाही, कन्सोलच्या खोक्यातलीच एचडीएमआय वायर लावा.

मग टीव्हीची सेटिंग. खरी गोम बहुतेकदा इथेच असते. त्या एचडीएमआय पोर्टचं सिग्नल फॉरमॅट ‘एन्हान्स्ड’ करायचं. सॅमसंगमध्ये याचंच नाव ‘इनपुट सिग्नल प्लस’. आता पीएस-५ च्या सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’त जाऊन व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडा. भावाकडे तिथे २१६०पी दिसलं आणि हप्ते वाचले.

अंबरनाथच्या मित्राकडे मात्र ३२ इंची एचडी-रेडी टीव्ही आहे. त्यात पिक्सेलच १३६६ बाय ७६८. सोन्याची वायर लावली तरी तेवढंच दिसणार! त्याला सांगितलं, गेम मोड चालू कर, बटण दाबल्यावरचा उशीर कमी होईल, आणि खेळ बिनधास्त.