ताळेबंद सैनिकाच्या घराचा

(सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निमित्ताने सातारा येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यात एका निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



१९४९ पासून ७ डिसेंबर हा दिवस आपण ध्वजदिन म्हणून पाळत आलो आहोत. छातीवर छोटा कागदी ध्वज लावायचा आणि पेटीत यथाशक्ती निधी टाकायचा, ही आपल्या शाळकरी दिवसांपासूनची रीत आहे. संयोजकांनी आज मला ‘सैनिक कुटुंबांचे कल्याण’ हा विषय दिला. या विषयावर भावनेने बोलणे सोपे आहे आणि या जिल्ह्यात तर ते अधिकच सोपे आहे. येथून जवळ असलेल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. तेव्हापासून त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. अशा भूमीत सैनिकाच्या घराची महती मी नव्याने सांगावी, अशी माझी योग्यता नाही. म्हणून आज मी महती बाजूला ठेवून हिशेब मांडणार आहे.

याला एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानानंतर एक सुशिक्षित, सज्जन गृहस्थ उठले आणि म्हणाले, “साहेब, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्यावर होणारा एवढा खर्च देशाला परवडतो का?” सभागृहात कुजबुज झाली. मलाही राग आला. मी त्यांना सियाचीनची थंडी सांगितली, टाळ्या पडल्या, ते गृहस्थ निमूटपणे खाली बसले. रात्री घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. त्यांनी मला आकडा विचारला होता आणि मी त्यांना सियाचीन सांगितले होते. त्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रश्न गैर नाही

प्रथम आकडे पाहू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यांपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे. म्हणजे शंभर रुपयांतील जवळजवळ २४ रुपये. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेसाठी, जिला आपण सारे ईसीएचएस म्हणतो, त्याच वर्षी ८,३१७ कोटी रुपये ठेवले गेले. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजनेची २०२२ मध्ये फेररचना झाली, तेव्हा लाभार्थींची संख्या २५ लाखांच्या पुढे गेली आणि वार्षिक भार सुमारे ८,४५० कोटींनी वाढला.

हे पैसे करदात्यांचे आहेत. तोफा, विमाने आणि दारूगोळा यांनाही त्याच तिजोरीतून पैसा लागतो. तेव्हा या खर्चाचा हिशेब मागणारा मनुष्य सैनिकाचा वैरी ठरत नाही. किंबहुना हिशेब न मागणाऱ्या समाजात योजना जाहीर होतात, फलक लागतात आणि लाभ मात्र भलतीकडेच अडकून पडतो.

परंतु हिशेब मांडताना पहिली चूक होते ती सारा खर्च एकाच खात्यावर टाकण्याची. वस्तुतः यात तीन वेगळी खाती आहेत. पहिले देण्याचे, दुसरे गुंतवणुकीचे आणि तिसरे साहाय्याचे. तिन्हींची मापे वेगळी आहेत.

देण्याचे खाते

प्रतापगडच्या युद्धानंतर, १६५९ साली, शिवछत्रपतींनी काय केले याची नोंद सभासदाने करून ठेवली आहे. जे लढवय्ये पडले त्यांच्या मुलांचे पुढे चालवले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून होन दिले. पुढे मराठी राज्यात पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला. ज्या व्यवहाराला भाषेत आपले नाव मिळते, तो व्यवहार त्या समाजाने मनोमन मान्य केलेला असतो. पत्नीला निम्मे वेतन आणि जखमेप्रमाणे होन, हे मोजून मापून ठरवलेले देणे आहे. त्यात औदार्याचा आव नाही.

आजचे निवृत्तिवेतन याच खात्यात पडते. इतर सरकारी सेवक अठ्ठावन्न-साठाव्या वर्षापर्यंत पूर्ण पगार घेतात. जवान मात्र पस्तिशी-चाळिशीत गणवेश उतरवतो, कारण सेना तरुण राहणे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्या वेळी त्याची मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात, घराचे कर्ज फिटायचे असते. सेना तरुण ठेवण्याची ही किंमत आहे. ती राष्ट्राने द्यायची, की त्या एका घराने एकट्याने सोसायची, एवढाच प्रश्न उरतो. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कण्याला इजा झालेल्या जवानांना सांभाळते. तेथे माणशी खर्च किती आणि परतावा किती, असा हिशेब मांडण्याचे कारण नाही. तेथे एवढेच पाहायचे, की देणे वेळेवर आणि पुरते पोचते आहे ना.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांना सांगायला हवी होती. या साऱ्याचा भार केवळ तिजोरीवर नाही. १९७६ पासून चालू असलेली सेनेची सामूहिक विमा योजना सैनिकांच्या स्वतःच्या वर्गणीवर उभी आहे. ईसीएचएसच्या नावातच ‘अंशदायी’ हा शब्द आहे. आणि जी वर्गणी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही, ती सैनिकाच्या पत्नीची. नवऱ्याची बदली होते तशी तिची नोकरी सुटते. गावी राहिली तर शेती, सासू-सासरे, मुलांचे आजारपण सारे तीच पाहते. मुलांनी दहावीपर्यंत चार-पाच शाळा बदललेल्या असतात. १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली, ती सततच्या बदल्यांमुळे होणारे हेच नुकसान ओळखून. खर्चाच्या रकान्यात सरकारचा रुपया लिहिताना शेजारी हा रुपयाही लिहिला पाहिजे.

सव्वातीन कोटींची काटकसर

दुसरे खाते गुंतवणुकीचे. यातले एक उदाहरण फार बोलके आहे. १९७१ च्या युद्धानंतर हुतात्मा, बेपत्ता आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षणशुल्क आणि वसतिगृहाचा खर्च सरकारने उचलण्याचे ठरले. पंचेचाळीस वर्षे ते चालले. २०१७ मध्ये या खर्चावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचे तत्कालीन अध्यक्ष अॅडमिरल सुनील लांबा यांनी फेरविचारासाठी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले. संसदेत प्रश्न उपस्थित झाला. या मर्यादेमुळे वाचणारी रक्कम वर्षाला सव्वातीन कोटींच्या घरात असल्याचे तेथे सांगण्यात आले. मार्च २०१८ मध्ये सरकारने ही मर्यादा मागे घेतली.

मर्यादा घालणाऱ्यांचाही एक मुद्दा होता. थोड्या विद्यार्थ्यांचे शुल्क फारच मोठे होते आणि त्यावर नजर ठेवणे हे प्रशासनाचे काम आहे. पण काही मोजक्या बिलांची तपासणी करायची सोडून सर्वांसाठी एकच रेषा ओढली गेली. वाचणार होते सव्वातीन कोटी, आणि पणाला लागला होता तो सीमेवरील प्रत्येक जवानाचा विश्वास, की माझ्या माघारी माझ्या लेकराचे शिक्षण थांबणार नाही. चूक ध्यानात आल्यावर ती दुरुस्त झाली, याबद्दल सरकारचे अभिनंदन केले पाहिजे. मात्र हा लाभ रुपयांत दिसत नाही म्हणून तो शून्य धरू नये, हा धडा त्यातून घेतला पाहिजे.

माझ्या हातून झालेली चूक

आता तिसरे खाते, साहाय्याचे. येथे दोष सांगायचा तर तो प्रथम माझाच सांगतो. निवृत्तीनंतर काही वर्षे मी सैनिक कल्याणाच्या कामात होतो. एका वर्षी आम्ही वीरपत्नींना आणि माजी सैनिकांच्या विधवांना तीस शिलाई यंत्रे दिली. कार्यक्रम उत्तम झाला, छायाचित्रे निघाली. निधी शंभर टक्के खर्च झाल्याचा अहवाल मी अभिमानाने पाठवला. दोन वर्षांनी काही निमित्ताने त्या घरी जाण्याचा योग आला. बहुतेक ठिकाणी यंत्र कोपऱ्यात, वर चादर घातलेली. ज्या चार-पाच जणींची यंत्रे चालू होती, त्यांची घरे बाजारपेठेजवळ होती आणि त्यांना शिवणकाम आधीपासून येत होते. एक भगिनी शांतपणे म्हणाल्या, “साहेब, मला शिवण नको होतं. माझ्या मुलीला साताऱ्याच्या वसतिगृहात जागा हवी होती. पण तुम्ही विचारलंच नाही.”

मी खर्च मोजला होता, फळ मोजले नव्हते. आलेले अर्ज मोजले होते, न आलेले मोजलेच नव्हते. ब्रिटनमध्ये २०११ च्या कायद्याने सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्या स्थितीचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवणे बंधनकारक झाले, आणि तेथे सैनिकांच्या पती-पत्नींना थेट प्रश्न विचारून नियमित पाहणीही होते. चांगली पद्धत कोठूनही घ्यावी. तुमच्या घराला काय हवे आहे, हा प्रश्न विचारायला मोठी तिजोरी लागत नाही.

सर्वांत स्वस्त काम

अनुभवाने सांगतो, लाभाच्या मानाने सर्वांत कमी खर्चाचे काम कागद नीट करण्याचे आहे. माण तालुक्यातील एका भगिनीचे कुटुंब निवृत्तिवेतन चौदा महिने अडकले होते. पतीच्या रेकॉर्डमध्ये त्यांचे माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि बँकेत तिसरेच. लग्नानंतर ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली होती, ती चुकीच्या नावाने. कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. शेवटी एक निवृत्त सुभेदार त्यांच्यासोबत तीन वेळा गेले, प्रतिज्ञापत्र झाले, पत्रव्यवहार झाला आणि सारी थकबाकी मिळाली. खर्च किती? एसटीचे भाडे आणि मुद्रांकाचे पैसे. लाभ किती? एका घराची चूल. आता निवृत्तिवेतनाचे काम ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आले आहे. सोय वाढली हे खरे. पण सत्तर वर्षांच्या आजीला हयातीचा दाखला त्या यंत्रणेत भरून देणारा एखादा नातूही शेजारी हवा.

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही

सर्वांत शेवटी, या साऱ्या हिशेबात ज्यांचे नाव सहज राहून जाते त्यांच्याविषयी. पंधरा वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काही कारणाने बाहेर पडलेल्या जवानाला सहसा निवृत्तिवेतन मिळत नाही. अशा पासष्टीपुढील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधीतून महिन्याला ४,००० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० झाले. मुलांची शिक्षणमदत १,००० वरून २,००० आणि विवाहासाठीची मदत ५०,००० वरून १ लाख झाली. या साऱ्याचा वार्षिक भार सुमारे २५७ कोटी. वर सांगितलेल्या निवृत्तिवेतनाशी तुलना केली, तर हजार रुपयांमागे दीड-पावणेदोन रुपये. सर्वांत गरजू घराला आधार देणारी ही रक्कम आपण पेटीत टाकलेल्या नाण्यांतून उभी राहते, हे विसरू नका.

आणि आता अग्निवीर. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. चौघांतील एकापर्यंत जवानांना सेनेत पुढे राहण्याची संधी आहे. बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएसचे कार्ड नाही. सेवेत वीरगती आली तर ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आहे, परंतु आई-वडिलांना दरमहा मिळणारे वेतन नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये या कुटुंबांना निवृत्तिवेतन द्यावे, अशी शिफारस केली. निवृत्तिवेतनाचा भार कमी करण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण तिजोरीवरून उतरलेला भार नाहीसा होत नाही. तो कोणत्या तरी अंगणात जाऊन पडतो. तो कोठे पडतो आहे, हे पहिल्या तुकडीपासूनच मोजले गेले पाहिजे.

मित्रहो, त्या गृहस्थांची पुन्हा भेट झाली तर मी त्यांना सांगेन : होय, खर्च मोठा आहे. त्यातला बराचसा भाग आपण फेडत असलेले देणे आहे, काही गुंतवणूक आहे, आणि साहाय्याचा जो लहानसा भाग उरतो, तो नीट पोचतो की नाही हे तुम्ही आणि मी मिळून पाहू. या, माझ्यासोबत एका घरी चला.

आपल्या प्रत्येक वस्तीत असे एखादे घर आहे. या आठवड्यात तेथे जा. सत्कारासाठी नको, हारतुरे नकोत. तीन प्रश्न विचारा. सर्व कागदांवर नाव एकच आहे ना? मुलांच्या शिक्षणाचे काय चालले आहे? घरात औषध वेळेवर मिळते का? उत्तर वहीत लिहून घ्या, आणि महिन्याने तीच वही घेऊन पुन्हा जा.

भारत माता की जय!