चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते

मागच्या वेळी आपण पंक्चर आणि चेनबद्दल बोललो. तेव्हापासून केंद्रावर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गाडी जुनी आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी मध्येच बंद का पडते? आणि त्याच्या मागोमाग दुसरा. मेकॅनिक म्हणतोय कार्बोरेटर गेला, नवा घालावा लागेल. खरं असेल का हो ताई?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. असेलही खरं. पण आमच्या गॅरेजात 'कार्बोरेटर गेला' म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकींचा कार्बोरेटर गेलेला नसतो, तुंबलेला असतो. कुठेतरी पेट्रोलची वाट अडलेली असते, नाहीतर हवेची. वाट मोकळी केली की तीच गाडी, तोच कार्बोरेटर, पुन्हा चालू लागतो. म्हणून नव्याचे पैसे मोजण्याआधी वाट तपासायची. ती कशी, एवढंच आज सांगणार आहे.

हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं एका दादांनी विचारलं म्हणे. दादा, दूध संकलन सकाळी ठरल्या वेळेला बंद होतं. कॅन लावून गाडी वाटेत अडली, तर त्या वेळचं दूध घरी परत येतं आणि त्याचे पैसे बाईचेच बुडतात. आशाताईला रात्री बोलावणं येतं, तेव्हा मेकॅनिक झोपलेला असतो. आणि गाडी घरच्या माणसाची असली, तरी तो कामावर गेलेला असताना पोराला दवाखान्यात न्यायला तीच लागते.

आधी एक लक्षात घ्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आहे. त्यांना हे लागू नाही. ज्यांच्या टाकीवर अजून 'हीरो होंडा' लिहिलेलं आहे अशा स्प्लेंडर, पॅशन, त्या काळातल्या इतर मोटरसायकली, जुन्या स्कूटी, यांच्याबद्दल मी बोलतेय. कंपनीचं नाव २०११ साली बदललं, म्हणजे ते नाव असलेली गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची तरी असणारच. तिला चोक आहे ना? मग ऐका.

आपल्यातल्या मोठ्या बायकांना रॉकेलचा पंपाचा स्टो आठवत असेल. ज्योत पिवळी झाली, फुरफुरायला लागली, की आपण म्हणायचो निपल तुंबलं. पिन मारायची की झालं. कार्बोरेटरमध्येही तशीच पितळी निपलं असतात, त्यांना जेट म्हणतात. एक मोठं, मेन जेट, गाडी पळताना पेट्रोल देणारं. एक छोटं, पायलट जेट, गाडी उभी असताना, हळू चालताना देणारं. मोठ्याचं भोकसुद्धा एक मिलिमीटरपेक्षा लहान, छोट्याचं त्याच्या निम्मं. एक कण पुरतो. आणि खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. ती किती भरायची ते फ्लोट ठरवतो. पाण्याच्या टाकीला बॉलकॉक असतो ना, तसंच. पातळी आली की फ्लोट वर उचलला जातो आणि सुई येणारी वाट बंद करते.

एवढं कळलं की गाडी काय सांगतेय ते ऐकू येतं.

किक मारून मारून गाडी सुरूच होत नाही, तर प्लगपान्याने प्लग काढून बघा. इंजिन गार असू द्या. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल पोचतंय, उलट जास्त झालंय, किंवा करंट येत नाही. प्लग पुसून कोरडा करा, कॉक बंद, चावी बंद, आणि प्लग बाहेर असतानाच आठ-दहा किका मारा. आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जातं. मग प्लग लावून बघा. प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल वरूनच येत नाही. मग टाकीपासून खाली यायचं.

टाकीचं झाकण. त्याला बारीक भोक असतं, कारण पेट्रोल खाली गेलं की तितकी हवा आत यावी लागते. ते भोक धुळीने बुजलं की गाडी दहा-पंधरा मिनिटं छान चालते आणि मग मरते. थोड्या वेळाने पुन्हा चालू होते, पुन्हा मरते. लोक इंजिन तापलं म्हणून पाणी ओततात! अशा वेळी झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालली, तर दोष झाकणातच. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलं की काम झालं. यासाठी कार्बोरेटर उघडणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग कॉक. त्याच्या आत जाळी असते. 'ऑन'वर पेट्रोल थोडं वरून घेतलं जातं, 'रिझर्व्ह'वर अगदी तळातून. टाकीचा गंज, माती, पाणी, सगळं तळाशीच बसलेलं असतं. पन्नास-पन्नासचं पेट्रोल टाकून वर्षभर रिझर्व्हवर चालवली, तर तो गाळ खाली येणारच. परवडत नाही म्हणूनच आपण पन्नासचं टाकतो, ते मला माहीत आहे. निदान पावसाळ्यात टाकी फार रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या ओल्या हवेने पत्रा आतून गंजतो.

आता आजचं मथळ्याचं वाक्य. चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. चोक हवा कमी करतो, त्यामुळे इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. तेव्हाच गाडी चालत असेल, तर याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातेय. दोनच जागा बघायच्या. एक, पायलट जेट तुंबलंय. दोन, कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडलाय त्या सांध्यातून चोरून हवा शिरतेय. गाडी कशीबशी चालू ठेवून त्या सांध्यावर साबणाचं पाणी थोडंसं शिंपडा. इंजिनाचा आवाज बदलला, तर सांधा फुटलाय. याउलट उभी असताना छान वाजते, पण घाट चढताना दम सोडते, तर मेन जेट, फिल्टर किंवा कॉकची जाळी. काळा धूर आणि प्लगवर काजळी, तर हवेचा फिल्टर आधी साफ करा आणि चोक अर्धवट अडकलाय का बघा. निळसर धूर असेल, तर ते इंजिनचं ऑइल जळतंय. कार्बोरेटरचा त्यात दोष नाही.

खालच्या बारीक नळीतून पेट्रोल ठिबकतंय, याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सुईखाली कण अडकलाय, वाटी भरून वाहतेय. कॉक ताबडतोब बंद. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोकलं तर कधी कधी कण सुटतो. नाही सुटला तर गॅरेज. रात्रभर ठिबकलं तर आगीची भीती, आणि पेट्रोल आत इंजिनच्या ऑइलमध्ये उतरलं तर ऑइल पातळ होऊन इंजिनच खराब होतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नका.

सगळ्यात उपयोगाची तपासणी शेवटी ठेवली होती, कारण तिला स्क्रूड्रायव्हर आणि एक काचेची बाटली इतकंच लागतं. वाटीच्या तळाशी एक स्क्रू असतो. कॉक बंद करा, इंजिन गार होऊ द्या, बाटली खाली धरा, स्क्रू सैल करा. वाटीतलं पेट्रोल बाटलीत येईल. उजेडात धरा. तांबूस पूड दिसली तर टाकी गंजलीय. तळाला मणी किंवा वेगळा थर दिसला तर पाणी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी त्यात मिसळून जळून जातं, पण जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात आणि नेमकं तेच कार्बोरेटरात येतं. जुन्या रबरी पाइपांनाही ते मानवत नाही, ते कडक होतात नाहीतर फुगतात. पाइप चिरलेला दिसला तर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर जाताना हीच वाटी रिकामी करून ठेवा. आणि टपरीवरचं बाटलीतलं पेट्रोल अगदी नाइलाज असेल तरच घ्या. त्यात काय काय असतं ते टपरीवाल्यालाही ठाऊक नसतं. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहता कामा नये.

करायचं नाही ते सांगते. जेटमध्ये सुई, तार, टाचणी घालू नका. स्टोची पिन त्या निपलाच्या मापाचीच बनवलेली असायची, तुमची टाचणी तशी नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत राहते. हवेच्या दाबाने उडवायचं किंवा क्लीनरमध्ये भिजवायचं. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नका. आणि हे सगळं अंगणात, चुलीपासून, गॅसपासून, देवाच्या दिव्यापासून लांब. विडी ओढणाऱ्या सासऱ्यांनाही जरा पलीकडे बसवा.

यातलं काहीच करायचं नसेल, तरी गॅरेजात गेल्यावर 'गाडी बिघडलीय' एवढंच म्हणू नका. चोकवर चालते की नाही, गार असताना बंद पडते की तापल्यावर, उभी असताना की चढावर, झाकण उघडल्यावर फरक पडतो का, हे सांगा. आणि कार्बोरेटर बदलायचाच म्हणाला, तर विचारा, साफ करून बघितलात का? वाटीत काय निघालं? जुना कार्बोरेटर मात्र परत मागून घ्या.

पुढच्या बुधवारी प्लग आणि करंट. प्लग ओला असूनही गाडी सुरू होत नाही अशांनी तेव्हा नक्की ऐका. नमस्कार.