पाण्याचा हक्क आणि पाण्याची राखण



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे. माणुसकीचा हक्क सिद्ध करण्यासाठी. तो हक्क आज कायद्याने आपला आहे. परंतु हाती आलेले पाणीच निर्मळ नसेल, तर नुसत्या हक्काने आपली लेकरे जगणार नाहीत.

जुलै २०२२ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीचे दूषित पाणी पिऊन पटकीची साथ पसरली, माणसे दगावली. यास दैव म्हणू नका. विहिरीपासून ५० फुटांच्या आत शौचकूप वा उकिरडा नसावा. दर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, गाळ बसल्यावर वरची निवळी विहिरीत सोडावी आणि तासभर पाणी भरू नये.

अकोल्याकडील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील बंधूंनी मात्र ध्यानात ठेवावे: या उपायाने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. तेथे गोड्या पाण्याची योजनाच मागितली पाहिजे.

म्हणून ग्रामसभेत उठा आणि विचारा: आमच्या वस्तीच्या विहिरीची तपासणी केव्हा झाली? जलसुरक्षकाने पावडर केव्हा टाकली? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. पाण्यास शिवण्याचा हक्क आपल्या वाडवडिलांनी झगडून मिळविला. ते पाणी शुद्ध राखणे हे आपले कर्तव्य होय.

जय भीम!