सायकलची उडी: आधी उतरायला शिका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापुरात गल्लोगल्ली सायकली बाहेर पडतात. जाड टायरची गेअरची सायकल हाताशी असली, की शेताचा बांध, गतिरोधक, रस्त्याकडेचा मुरमाचा ढीग, सगळीकडून उडी मारावीशी वाटते. ही हौस मोलाची आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळल्या, त्यातूनच माउंटन बाइक घडली आणि १९९६मध्ये हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. तेव्हा मुलांना दटावून घरात बसवण्यापेक्षा उडी नीट शिकवू या.

सुरुवात सायकलपासून करू. मधोमध मोठी स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल दणकट दिसते, पण ती उडीचा दणका सोसेलच असं नाही. घेतानाच दुकानदाराला स्पष्ट विचारा. रोज निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खडखड जाणवली, तर आधी मिस्त्रीला दाखवा. चाक आउट नाही ना, आरे ढिले नाहीत ना, दोन्ही ब्रेक लागतात ना, हेही बघा. सीट खाली घ्या. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसला पाहिजे.

सुरुवातीला हवेत जाऊच नका. पायडलवर उभं राहून दोन्ही पायडल एका पातळीत ठेवा, गुडघे आणि कोपरे थोडे वाकवा, नजर पुढे ठेवा. छोट्या उंचवट्यावर चढताना अंग हलकं करा आणि उतरताना पायांनी दाब द्या. पायडल न मारता सायकल पुढे सरकू लागली, की शरीराला लय सापडली असं समजा.

आता उडी. चढाला लागताच गुडघे वाकवून अंग खाली दाबा आणि कडेशी येताना पाय ताठ करत उठा. पुढचं चाक सुटतं, मागोमाग मागचं. हवेत हातपाय सैल ठेवून सायकल अंगाखाली वर येऊ द्या. घात होतो तो भीतीने अंग आखडल्यामुळे. तशा वेळी कड मागच्या चाकाला वर उडवते, पुढचं चाक खाली झुकतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

खरी परीक्षा उतरण्याची. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने जमिनीला भिडते. सपाट जमिनीवर तो सगळा दणका मनगटांना आणि गुडघ्यांना बसतो. उतारावर उतरलात, तर बराचसा वेग पुढे वळतो. म्हणून जेवढ्या काळजीने चढ बांधाल, तेवढ्याच काळजीने उतारही बांधा. मधली जागा भरून सपाट ठेवा, म्हणजे उडी कमी पडली तरी खड्ड्यात जाणार नाही. दोन्ही चाकं उतारावर एकदम टेकवा, गुडघे-कोपरे दुमडू द्या आणि चाकं स्थिरावेपर्यंत पुढच्या ब्रेकला हात लावू नका.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला चिकटून बसते. त्यापेक्षा पाणी मारून धुमसलेला मुरूम चांगला. पहिला उंचवटा गुडघ्याच्याही खाली असू द्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, म्हणून सराव सकाळीच उरका. रहदारीच्या रस्त्यावर उडी मारू नका आणि एकट्याने तर मुळीच नको. कुणी पडून डोक्याला किंवा मानेला मार लागला, तर त्याला ओढून उठवू नका. लगेच १०८ क्रमांकाला फोन करा.

शाळा, ग्रामपंचायती आणि महापालिका यांना माझी एक विनंती आहे. मैदानाचा एखादा पडीक कोपरा आणि चार खेपा मुरूम एवढ्यात मुलांसाठी सुरक्षित जागा तयार होते. ती द्या. आणि पालकांनो, मुलाला किंवा मुलीला नवी सायकल घ्याल, तेव्हा हेल्मेटही त्याच बिलात घ्या.